स्टिअरिंगचा फ्यूज उडाला तर आधी कारण शोधा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात पार्किंगमधून गाडी काढताना स्टिअरिंग एकदम जड झालं, दोन्ही हातांनी जोर लावून ओढावं लागत होतं, आणि मीटरवर स्टिअरिंग आणि शेजारी उद्गारचिन्ह असा दिवा पेटलेला. गॅरेजवाल्याने डॅशबोर्डखालचा छोटा फ्यूज काढून बघितला, तो चांगला होता, मग लगेच म्हणाला स्टिअरिंग हलकं करणारी मोटर गेली, स्टिअरिंगची अख्खी असेंब्ली बदलावी लागेल. मी हो म्हणणारच होतो, पण आधी ओळखीच्या एका जुन्या वायरमनला गाडी दाखवली. त्याने जे करून दाखवलं ते सगळ्या गाडीवाल्यांना कळावं म्हणून हे पत्र.

इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगला बहुतेक गाड्यांत दोन वाटांनी सप्लाय येतो. एक इग्निशनचा, छोट्या फ्यूजमधून, त्यावर कंट्रोल युनिट चालू होतं. दुसरा थेट बॅटरीवरून मोटरसाठी, आणि तिथे 60, 80 किंवा त्याहून मोठ्या अँपियरचा फ्यूज असतो, कारण उभ्या गाडीत चाकं वळवताना मोटर भरपूर करंट ओढते. हा मोठा फ्यूज बॉनेटखाली, बऱ्याचदा नटबोल्टने आवळलेला असतो, त्यामुळे लोक छोटे फ्यूज बघतात आणि तिथेच थांबतात. माझा नेमका तोच उडाला होता. टेस्ट लॅम्पची, म्हणजे करंट येतोय का ते दाखवणाऱ्या छोट्या दिव्याची, पिन फ्यूजच्या एका टोकाला लावली तर दिवा पेटला, दुसऱ्या टोकाला नाही. मल्टिमीटरनेही कळतं, पण कनेक्शन गंजलेलं असेल तर लोड नसताना, म्हणजे काहीच करंट ओढत नसताना, मीटर आरामात 12 व्होल्ट दाखवतो आणि लोड आला की तेच व्होल्टेज पडतं, म्हणून वायरमन आधी लॅम्प लावतो, तो स्वतः थोडा करंट ओढतो.

पण त्याने नवा फ्यूज लगेच टाकला नाही, आणि मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बॅटरीची निगेटिव्ह काढली, उडालेला फ्यूज काढला आणि मोटरकडे जाणाऱ्या टोकापासून बॉडीपर्यंत ओहम मोजले, तर जवळपास शून्य, म्हणजे करंट कुठेतरी सरळ बॉडीत जातोय, शॉर्ट आहे. मग स्टिअरिंग युनिटला येणारं जाड कनेक्टर सोडवलं, तरी शून्यच. कनेक्टर काढल्यावर शॉर्ट गेला असता तर दोष युनिटमध्ये किंवा मोटरमध्ये, इथे तो गेला नाही म्हणजे वायरमध्येच. शोधत शोधत बॅटरी ट्रेखाली गेलो तर त्या जाड वायरचं आवरण ब्रॅकेटच्या धारेवर घासून नखाएवढं तांबं उघडं पडलेलं आणि पत्र्यावर काळा डाग. मागे बॅटरी बदलली तेव्हा कुणीतरी वायरची क्लिप परत लावलीच नव्हती! वायर दुरुस्त केली, वरून पाइप चढवला, क्लिप बसवली, परत ओहम बघितले आणि मगच तेवढ्याच अँपियरचा फ्यूज टाकला. असेंब्लीला हातसुद्धा लावावा लागला नाही.

फ्यूज सारखा उडतोय म्हणून त्याच जागी मोठ्या अँपियरचा टाकणारे किंवा चक्क तार गुंडाळणारे मी स्वतः पाहिलेत, त्यांना हात जोडून सांगतो, असं करू नका. फ्यूजचा आकडा वायरला किती करंट झेपतो ते बघून ठरवलेला असतो, मोठा टाकला तर फ्यूजच्या आधी वायर तापते आणि आग लागू शकते. जंप स्टार्ट करताना केबल उलट्या लागल्या तरीही मोठे फ्यूज उडतात, तेव्हा मेकॅनिकला हे न लपवता सांगा.

आणखी एक, स्टिअरिंग जड झालं म्हणजे फ्यूजच उडाला असं नाही. चाकं पूर्ण वळवून बराच वेळ तशीच दाबून धरली की मोटर तापते आणि सिस्टिम स्वतःच मदत कमी करते, गार झाल्यावर परत येते. बॅटरी फार उतरली तरी असंच होतं, म्हणून काहीही खोलायच्या आधी बॅटरीचं व्होल्टेज आणि टर्मिनल बघून घ्या.

आपला,
एक वाचक