लाजाळू नव्हेस, भिडस्त आहेस

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "बाबा, मी पडलो लाजाळू, म्हणून दर रविवारी दुसऱ्याची शिफ्ट माझ्या गळ्यात येते." शिफ्टचं समजलं, पण लाजाळू काही पटलं नाही.

पाहुण्यांनी नाव विचारलं की आईच्या पदराआड जातं ते पोर लाजाळू. बुजरा त्याहून निराळा. मोटारीच्या हॉर्ननं बैल बुजतो, पाखरं बुजावीत म्हणून शेतात बुजगावणं उभं करतात. तेव्हा बुजऱ्या माणसात लाजेपेक्षा बिचकणंच जास्त. मुखदुर्बळाच्या मनात सगळं तयार असतं, पण चारचौघांत तोंड उघडत नाही. तू रिक्षावाल्याशी मीटरवरून हुज्जत घालतोस, तुला यातलं काय लागू पडतं?

तू भिडस्त आहेस. बुजरेपणा ओळख वाढली की कमी होतो, भीड मात्र ओळखीपायीच पडते. दारावरच्या अनोळखी विक्रेत्याला तू सरळ 'नको' म्हणतोस. शेजारच्या टेबलावरचा मित्र अडचण सांगू लागला की 'हो' म्हणून मोकळा होतोस. म्हणून लहान मुलाला सहसा कुणी भिडस्त म्हणत नाही. हा मोठ्यांचा गुण, आणि आपल्या घरात तर वारशानं आलेला. तुझ्या आत्याच्या कपाटातल्या निम्म्या विमा पॉलिसी भिडेखातर घेतलेल्या आहेत!

गंमत म्हणजे हा शब्द लोक कौतुकानं वापरतात. स्थळाची माहिती देताना "मुलगा जरा भिडस्त आहे" असं खुशाल सांगतात. तिथं मुखदुर्बळ म्हटलं तर स्थळ गेलंच. पण 'भीड ही भिकेची बहीण' असंही हेच लोक म्हणतात. शिवाय भीड नुसती पडत नाही, ती घालताही येते. तुझे सहकारी ती घालतात, तुझ्यावर ती पडते आणि तू त्याला स्वभाव म्हणतोस.

पुढच्या वेळी "या रविवारी जमणार नाही" एवढंच म्हण. कारण सांगत बसू नकोस. कारण सांगितलं की समोरचा त्यावर तोडगा काढून देतो आणि तू पुन्हा अडकतोस. मित्र चार दिवस फुगेल, फुगू दे.

आई विचारते आहे, दिवाळीचं आरक्षण केलंस का? कुणी सुट्टी मागून घ्यायच्या आत करून टाक.

तुझा,
बाबा