नदीचे पाणी पहाटेही तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्यातील नद्यांच्या प्रदूषणाचे आकडे आपल्या दैनिकात अधूनमधून प्रसिद्ध होतात. नमुना कोणत्या पुलाखालचा हे त्यांत आवर्जून दिलेले असते, पण तो किती वाजता घेतला हे नसते. मुठेच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू किती, हे मात्र जागेइतकेच वेळेवरही ठरते.

विठ्ठलवाडी परिसरातील आम्ही काही रहिवासी महिन्यातून दोनदा नदीचे पाणी तपासतो. पद्धत जुनीच आहे. काचेची बुचाची बाटली हवेचा एकही बुडबुडा न राहील अशी पाण्याखाली भरायची, तिच्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइडचे द्रावण सोडायचे, बूच घट्ट लावून बाटली काही वेळा उलटसुलट करायची. प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. नेमका आकडा पुढच्या क्रियेनंतर मिळतो, पण निम्मे उत्तर काठावरच कळते.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही एकाच जागी दुपारी तीनला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला बाटल्या भरल्या. दुपारच्या बाटलीत चहाच्या चोथ्यासारखा गडद साका बसला. पहाटेच्या बाटलीत तो तांदळाच्या धुवणासारखा पांढरा होता. सांडपाण्यातील नायट्रोजन व फॉस्फरसवर माजलेले शेवाळ उन्हात प्राणवायू सोडत असते, त्यामुळे दुपारी पाणी प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा निरोगी भासते. सूर्य मावळला की तेच शेवाळ आणि सांडपाणी कुजवणारे जिवाणू मिळून तो प्राणवायू संपवू लागतात आणि उजाडण्यापूर्वी तो सर्वांत कमी होतो. स्नानयोग्य पाण्यात लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू असावा, असा आपल्याकडचा निकष आहे. दुपारी तो पार करणारे पाणी पहाटे माशांचा जीव घेऊ शकते.

या नोंदी घेऊन आम्ही एका शासकीय कार्यालयात गेलो. तेथे चहा मिळाला, वहीचे कौतुकही झाले आणि मग समाधानकारक आकड्यांचा एक तक्ता आमच्यापुढे ठेवण्यात आला. त्यावर तारीख होती, ठिकाण होते, वेळ नव्हती. प्रयोगशाळेने चूक केली असे आम्हाला मुळीच म्हणायचे नाही. कचेरीच्या वेळात घेतलेला नमुना कचेरीच्या वेळातलीच नदी दाखवणार. आम्हीही पहिले वर्षभर सोयीसाठी रविवारी सकाळी दहालाच पाणी भरत होतो, त्यामुळे आमची ती वही या कामी जवळजवळ निरुपयोगी आहे, हेही कबूल केले पाहिजे.

शेकाट्यांचे थवे पाहून नदी सुधारली असे समजणारे पुष्कळ भेटतात. वास्तविक हा पक्षी मैल्याच्या उथळ पाण्यातही मजेत चरतो. अशा समजुतींपुढे आकडाच उपयोगी पडतो, पण तो पूर्ण हवा.

म्हणून संबंधित यंत्रणेने प्रत्येक नमुन्याची वेळ तक्त्यात छापावी आणि निदान फेब्रुवारी ते मे या काळात, नदीचा प्रवाह मंद असताना, महिन्यातून एक नमुना सूर्योदयापूर्वी घ्यावा, ही विनंती आहे. त्या वेळी काठावर बॅटरी धरायला आमच्यापैकी कोणीतरी नक्की येईल.

आपला विश्वासू,
एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे