काळबादेवी स्थानकात इथलं कापड दिसू दे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात मरोळ नाक्याहून भुयारी मेट्रोने काळबादेवीला गेले. माझं माहेर ठाकुरद्वारच्या चाळीतलं. लग्नानंतर इतकी वर्षं भुलेश्वरला खरेदीला जायचं म्हणजे अंधेरीची गर्दी, लोकल आणि मरीन लाइन्सपासून पायपीट असं ठरलेलंच होतं. ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड हा साडेतेहतीस किलोमीटरचा मार्ग पूर्ण सुरू झाला आणि आता एकाच गाडीने थेट जगन्नाथ शंकरशेट रस्त्यावर वर येता येतं. दोन्ही बाजूंना जुन्या चाळी असलेल्या या अरुंद रस्त्याखाली स्थानक बांधणं किती जोखमीचं होतं, हे इथं वाढलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. ज्यांनी ते केलं त्यांचे मनापासून आभार.

पण त्या स्थानकातून वर येताना एक गोष्ट मनात आली आणि तीच लिहिते आहे. काळबादेवी-भुलेश्वर म्हणजे नटव्या कापडाचं माहेरघर. मूळजी जेठा मार्केट आणि मंगलदास मार्केटमध्ये ठाणंच्या ठाणं लागलेली असतात हे सर्वांना ठाऊक आहे. त्या कापडाला सजवणारं सामानही याच गल्ल्यांत मिळतं: लेस, गोटा, किनार, बादला, टिकल्या, कलाबतू, झालरी, गोंडे. देवाचे वाघे, म्हणजे मूर्तींचे पोशाख, इथेच मिळतात, लग्नाचे शेले आणि अंतरपाटही इथेच. गिरगावच्या पाडव्याच्या शोभायात्रेत मिरवणाऱ्या कितीतरी नऊवारींचे काठ याच दुकानांतून आलेले असतात.

माझी आई चाळीतल्या बायकांना गौरीची वस्त्रं शिवून द्यायची. जरीचा धागा घ्यायला ती मला सोबत न्यायची. दुकानदार रीळ पुढे करी. आई त्यातला वीतभर धागा मागून घेई आणि टोकाकडून नखाने हलकेच उलगडू लागे. वरची चपटी तार सुटली की आतला धागा दिसे. खऱ्या जरीत आत रेशीम आणि त्यावर सोन्याचं पाणी दिलेली चांदीची तार. खोट्या जरीत तार तांब्याची. आई काही न बोलता रीळ परत सरकवी, मग दुकानदार हसून आतल्या कपाटातलं दुसरं काढी. "ही सुरती, वहिनी, डोळे मिटून घ्या," असं म्हणे. आई मात्र तीही उलगडून बघे. आता बहुतेक ठिकाणी प्लास्टिकच्या पट्टीची जर मिळते. ती चमकते छान, पण हा फरक ओळखणारी नखं आता थोडीच उरली आहेत. जुन्या खऱ्या जरीचे शालू तर चांदीसाठी जाळले गेले. आमच्या आजीचाही त्यातच गेला, याचं मला अजून वाईट वाटतं.

याच भागातल्या काळबादेवी रस्त्यावर १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाची लॉरी अडवताना बाबू गेनू चिरडला गेला. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा हा मुलगा गिरणीत मजुरी करायचा. वय जेमतेम बावीस. कापडासाठी जीव गेला त्या रस्त्याचंच नाव असलेल्या स्थानकावर रोज उतरणाऱ्या तरुण मुलांना ही गोष्ट कोण सांगणार?

लंडनच्या भुयारी रेल्वेत आसनांवर मोकेट नावाचं लवदार लोकरी कापड असतं. त्याची नक्षी काढायचं काम १९३० च्या दशकात एनिड मार्क्ससारख्या कलावंतांकडे सोपवलं होतं, आणि ते जुने नमुने तिथल्या वाहतूक संग्रहालयात जपून ठेवले आहेत. आपल्याला गाडीची आसनं बदलायची गरज नाही. स्थानकाच्या तिकीटघराजवळ काचेमागे एक कायमचं दालन असावं, एवढंच मागणं आहे. भिंतीवर रंगवलेलं चित्र पुरेसं नाही. खरं कापड, खरी जर आणि प्रत्येकाखाली बाजारात चालतं ते नाव मराठीत हवं, आणि खऱ्या-खोट्या जरीचे उलगडलेले धागे शेजारी शेजारी हवेत. मजकूर लिहिताना गोटा-किनारीच्या जुन्या दुकानदारांना आणि कारागिरांना बोलवावं. बाहेर पडण्याच्या दारांवर भुलेश्वर, मंगलदास आणि मूळजी जेठा मार्केटकडे नेणारे ठळक बाण असावेत. त्या दिवशी मी दोन मुलींना मंगलदासचा रस्ता दाखवत अर्ध्या वाटेपर्यंत गेले.

मेट्रोच्या अधिकाऱ्यांनी हे मनावर घेतलं, तर आईच्या पत्र्याच्या डब्यातली सव्वा वार जरीची किनार मी त्या दालनासाठी देईन. चांदी काळवंडली आहे तिची. ती घासूनपुसून लखलखीत करू नये, आहे तशीच लावावी.

आपली,
एक वाचक (मूळची गिरगावकर), अंधेरी पूर्व