कड्यातलं जस्त आणि भाजीतला पालक

ती. आई व ती. बाबा यांना,
सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत की पॉर्फिरिन नावाच्या मोठ्या रेणूच्या कड्यात (अणूंच्या वलयात) जस्त खरंच शिरलं, हे कळतं कसं. आणि आई, तुला हवं होतं पालक काळपट का पडतो त्याचं कारण. दोन्ही प्रश्न एकाच क्रियेचे आहेत, म्हणून एकाच पत्रात लिहिते.

चार पायरोल (चार कार्बन आणि एक नायट्रोजन यांची लहान वलयं) एकमेकांना जोडून हे मोठं कडं होतं. मधल्या पोकळीत चार नायट्रोजन आत तोंड करून असतात आणि कोंदणात खडा बसावा तसा धातू त्यांच्यात बसतो. रक्तातल्या हीममध्ये लोह, पानाच्या हरितद्रव्यात मॅग्नेशियम. बाबांच्या बी-१२च्या इंजेक्शनात कोबाल्ट. त्याचं कडं जरा वेगळं, पण घराणं तेच. धातू नसला की दोन नायट्रोजनांवर हायड्रोजन असतात.

रिकामं कडं करायची सोपी रीत १९६७ची, रसायनशास्त्रज्ञ अ‍ॅडलर आणि लाँगो यांची. ३०० मिली प्रोपिऑनिक आम्ल उकळत ठेवायचं (१४१ अंश), त्यात ८ मिली बेन्झाल्डिहाइड आणि ५.६ मिली पायरोल घालून अर्धा तास तसंच उकळू द्यायचं. गार करून गाळलं की जांभळे चकचकीत स्फटिक मिळतात. ते मिथेनॉलने आणि मग गरम पाण्याने धुवायचे. हाती येतात जेमतेम अडीच ग्रॅम, म्हणजे जास्तीत जास्त मिळू शकेल त्याच्या २० टक्के. बाकी बरंचसं डांबर. पायरोल ताजं ऊर्ध्वपातन केलेलंच हवं. तपकिरी झालेलं घेतलं तर डांबरच वाढतं.

आता जस्त. १०० मिग्रॅ स्फटिक २० मिली क्लोरोफॉर्ममध्ये, ११० मिग्रॅ झिंक असिटेट ५ मिली मिथेनॉलमध्ये. दोन्ही एकत्र करून तासभर ढवळायचं. मिथेनॉल लागतंच, कारण नुसत्या क्लोरोफॉर्ममध्ये झिंक असिटेट नीट विरघळत नाही.

ओळख पटते वर्णपटावरून, म्हणजे द्रावण कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश शोषतं त्यावरून. रिकाम्या कड्याचे ५१५, ५५०, ५९० आणि ६४७ नॅनोमीटरच्या आसपास शोषणाचे चार पट्टे असतात. जस्त गेलं की चारही नायट्रोजन सारखे होतात आणि दोनच पट्टे उरतात, ५५० आणि ५९०च्या जरा अलीकडे. ५१५चा उंचवटा दिसत राहिला तर काम अर्धवट आहे. आणखी थोडं झिंक असिटेट घालून पुन्हा ढवळायचं. याशिवाय दोन्हींत असणारा ४१९चा मोठा पट्टा मात्र फारसा हलत नाही, त्यामुळे तेवढाच बघणारा फसतो. शिवाय तो इतका तीव्र असतो, की त्याच्यासाठी केलेल्या पातळ द्रावणात बाकीचे पट्टे दिसतच नाहीत. त्यांच्यासाठी वीसेक पट दाट द्रावण वेगळं करावं लागतं.

सगळ्यात जास्त घात होतो जुन्या क्लोरोफॉर्मने. हवा-उजेडाने त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं, ते जस्ताला बाहेर काढतं आणि जांभळं द्रावण हिरवं होतं. म्हणून क्लोरोफॉर्म आधी अल्कधर्मी अ‍ॅल्युमिनावरून (अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या पुडीतून) गाळून घ्यायचं.

आई, तुझ्या पातेल्यातही हेच होतं. पालकातलं आम्ल आणि उष्णता मिळून मॅग्नेशियमला हुसकावतात, त्याच्या जागी दोन हायड्रोजन येतात आणि हिरवा रंग शेवाळी-तपकिरी होतो. झाकण ठेवलंस तर वाफेबरोबर उडून जाणारं आम्ल परत भाजीतच पडतं. म्हणून पहिली काही मिनिटं झाकण नको, चिंच किंवा टोमॅटो अगदी शेवटी. सोड्याने रंग राहतो, पण भाजी गिळगिळीत होते आणि जीवनसत्त्वं जातात.

एक गोष्ट मात्र नीट ऐक. मॅग्नेशियम निघालेल्या कड्यात तांबं किंवा जस्त सहज शिरतं आणि रंग पुन्हा लखलखीत हिरवा होतो. तांबं एकदा बसलं की साध्या आम्लाने निघत नाही. तेव्हा कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात आंबट पालेभाजी फार हिरवीगार दिसली, तर ती ताजेपणाची खूण समजू नकोस, भांड्यातला धातू भाजीत उतरला असेल. तुझ्या मोठ्या पातेल्याच्या बुडाशी तांबूस-पिवळं दिसायला लागलंय. कल्हईवाला येईपर्यंत आमटी आणि अळूचं फदफदं स्टीलच्याच भांड्यात कर.

तुमची,
मनू