साठ्यांच्या तक्त्यात इराणचा हिवाळा दिसत नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

जगातील नैसर्गिक वायूच्या साठ्यांवर आपल्या अंकात आलेला लेख वाचला आणि त्यासोबतचा रंगीत तक्ताही पाहिला. रशिया पहिला, इराण दुसरा, कतार तिसरा. आकड्यांबद्दल माझी तक्रार नाही. इराणचे सिद्ध साठे साधारण 32 लाख कोटी घनमीटर आणि कतारचे 25 लाख कोटींच्या आसपास, हे सगळीकडे असेच छापले जाते. पण एवढ्या भांडवलावर लेखकाने इराणला कतारपेक्षा मोठी 'वायू महासत्ता' ठरवून टाकले आहे. अमेरिकेचे निर्बंध उठले की इराण कतारला मागे टाकणार, असे भाकीतही केले आहे. हे त्या तक्त्यातून निघत नाही. (महासत्ता हा शब्द आपल्याकडे हल्ली फारच स्वस्त झाला आहे, ते सोडा.)

मुळात हे दोन देश दोन स्वतंत्र स्तंभ म्हणून शेजारी शेजारी काढणेच थोडे फसवे आहे. कतारचा जवळजवळ सगळा वायू आणि इराणच्या उत्पादनातला सुमारे सत्तर टक्के वायू समुद्राखालच्या एकाच क्षेत्रातून येतो. पर्शियन आखातातले हे क्षेत्र सुमारे 9,700 चौरस किलोमीटरचे आहे. त्यातले 6,000 चौरस किलोमीटर कतारच्या हद्दीत आहे, त्याला नॉर्थ फील्ड म्हणतात. उरलेले 3,700 इराणच्या हद्दीत, ते साउथ पार्स. सागरी सीमा नकाशावर असते, खडकातल्या वायूला ती ठाऊक नसते. ज्या बाजूने उपसा होऊन दाब कमी होतो, त्या बाजूला वायू सरकू पाहतो. सामाईक विहिरीवर दोन भावांचे पंप असले की आधी पंप बसवणाऱ्याचे जे होते, तेच इथेही होते. आणि आधी पंप बसवला तो कतारने.

शेल कंपनीला 1971 मध्ये कतारच्या बाजूला हे क्षेत्र सापडले तेव्हा कोणाला फारसा आनंद झाला नव्हता. हवे होते तेल, निघाला वायू, आणि त्याला गिऱ्हाईक नव्हते. पुढे हा वायू द्रवरूप करून विकण्याचा प्रकल्प आखला गेला. 1992 मध्ये ब्रिटनची बीपी त्यातून बाहेर पडली, तिच्या जागी अमेरिकेची मोबिल आली. जपानच्या वीज कंपन्यांशी दीर्घ मुदतीचे करार झाले आणि 1996 च्या अखेरीस द्रवरूप वायूचे, म्हणजे एलएनजीचे, पहिले जहाज कतारच्या रास लफान बंदरातून निघाले. वायू उणे 162 अंशांपर्यंत थंड केला की त्याचे आकारमान सुमारे सहाशे पटींनी कमी होते. कतारची सगळी श्रीमंती या एका गोष्टीवर उभी आहे. 2010 अखेर वर्षाला 7 कोटी 70 लाख टनांची क्षमता उभी राहिली, आणि 2030 अखेर ती 14 कोटी 20 लाख टनांवर नेण्याचे काम चालू आहे. इराणने आपल्या बाजूचे क्षेत्र निश्चित केले ते 1990 मध्ये, आणि साउथ पार्समधून वायू बाहेर आला 2002 मध्ये. 1971 नंतरची मधली वर्षे क्रांती, इराकबरोबरचे आठ वर्षांचे युद्ध आणि 1996 पासूनचे अमेरिकी निर्बंध यांत गेली.

आता वापराकडे या. तुलनेचा खरा गाभा तिथे आहे आणि आपल्या तक्त्यात नेमका तोच रकाना नाही. 2021 मध्ये इराणने सुमारे 255 अब्ज घनमीटर वायू काढला आणि 240 अब्ज स्वतःच वापरला. वापरात त्याच्या पुढे फक्त अमेरिका, रशिया आणि चीन आहेत. त्याच वर्षी कतारने 175 अब्जांच्या आसपास काढला आणि घरी वापरला सुमारे 40 अब्ज. म्हणजे साठ्यात दुसरा असलेल्या देशाकडे विकायला जेमतेम मूठभर वायू उरतो आणि तिसरा देश तीनचतुर्थांशांहून अधिक वायू बाहेर पाठवतो. आजच्या वेगाने उपसा चालला तर कागदावर इराणला सव्वाशे वर्षे आणि कतारला एकशे चाळीस वर्षे पुरेल इतका साठा आहे. ही वर्षे मोजून कोणाचेही घर गरम होत नाही.

इराणमधला हिवाळा कसा जातो ते लेखकाने एकदा पाहायला हवे होते. शहरांतल्या जवळजवळ प्रत्येक घरात वायूची नळी पोहोचली आहे, खेड्यांतही मोठ्या प्रमाणावर. हे त्या सरकारचे मोठे यश आहे आणि ते मान्य करायला हरकत नाही. पण थंडी पडली की एकट्या घरांचा आणि दुकानांचा वापर दिवसाला 60 कोटी घनमीटरच्या वर जातो. सगळ्या देशाचे रोजचे उत्पादन 85 कोटींच्या आसपास. उरलेल्या वायूत वीज केंद्रे, पोलाद, सिमेंट, खते, पेट्रोकेमिकल्स, तेलक्षेत्रांत दाब टिकवण्यासाठी परत सोडायचा वायू आणि निर्यात, असे सगळे बसवायचे असते. ते बसत नाही. घरांचा पुरवठा तोडणे राजकीयदृष्ट्या परवडणारे नसते, म्हणून आधी कारखान्यांचा वायू कमी होतो, मग वीज केंद्रांचा. वीज केंद्रे वायूऐवजी मझूत जाळू लागतात. मझूत म्हणजे तेलशुद्धीकरणात तळाशी उरणारे जड, गंधकयुक्त इंधन. त्याचा धूर अराक, इस्फहान, कराज या शहरांवर साचतो. नोव्हेंबर 2024 मध्ये सरकारने या तीन शहरांतल्या केंद्रांत मझूत जाळणे थांबवले आणि त्याच्या बदल्यात देशभर वीजकपात जाहीर केली. धूर नको तर अंधार घ्या, असा तो हिशेब होता. पुढच्याच महिन्यात शाळा आणि सरकारी कार्यालये बंद ठेवावी लागली. राष्ट्राध्यक्ष पेझेश्कियान यांनी घरातले तापमान किमान दोन अंशांनी कमी ठेवा, असे नागरिकांना आवाहन केले. जगातला दुसऱ्या क्रमांकाचा साठा असलेल्या देशाचा हा हिवाळा!

असे पहिल्यांदाच झाले असेही नाही. वायू दक्षिणेच्या किनाऱ्यावर आणि थंडी उत्तरेच्या प्रांतांत, म्हणून इराण 1997 पासून तुर्कमेनिस्तानकडून वायू विकत घेत होता. जानेवारी 2008 मध्ये ऐन थंडीत तुर्कमेनिस्तानने पुरवठा थांबवला, तेव्हा इराणने पुढे तुर्कस्तानला जाणारा वायू बंद केला. 2017 च्या पहिल्या दिवशी थकबाकीच्या वादातून तुर्कमेनिस्तानने पुन्हा नळ बंद केला. इराकमधली वीज केंद्रे इराणी वायूवर चालतात, आणि इराणमध्ये टंचाई झाली की इराकमध्ये दिवे जातात. उन्हाळ्यातला वायू हिवाळ्यासाठी जमिनीखाली साठवून ठेवण्याची सोय इराणमध्ये नावापुरती आहे. सराजे आणि शूरीजे ही दोन ठिकाणे, दोन्ही मिळून वर्षाच्या वापराच्या दोन टक्केही नाहीत.

याच्या उलट एक उदाहरण. जून 2017 मध्ये सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, बहारीन आणि इजिप्त यांनी कतारची नाकेबंदी केली. कतारहून अमिरातीला समुद्राखालून डॉल्फिन नावाची पाइपलाइन जाते. नाकेबंदी करणाऱ्याच देशाला ती वायू पुरवत होती. कतारने ती बंद केली नाही. पुढे वीस-पंचवीस वर्षांचे करार करताना गिऱ्हाईक अशा गोष्टी लक्षात ठेवते. ही पत साठ्यांच्या तक्त्यात कशी दाखवणार, हे मला सांगता येणार नाही. पण निर्यातदार म्हणून दोघांची तुलना करायची तर ती बाजूला ठेवून चालणार नाही.

इतके वाचून कोणी म्हणेल की कतार शहाणा आणि इराण उधळ्या. हे म्हणणे मला पटत नाही. इराणची लोकसंख्या नऊ कोटींच्या घरात, कतारची तीस लाखांच्या आसपास, आणि त्यातही बहुसंख्य परदेशातून कामाला आलेले. साठे माणशी वाटून पाहा. कतारमध्ये प्रत्येकाच्या वाट्याला ऐंशी लाख घनमीटरच्या वर येतात, इराणमध्ये साडेतीन-पावणेचार लाख. आता वापर वाटा. इराणी माणूस वर्षाला सुमारे 2,700 घनमीटर वापरतो, कतारमधला 13,000 हून अधिक, म्हणजे जवळपास पाचपट. समुद्राचे पाणी गोडे करणे, वातानुकूलन, ॲल्युमिनियम, खते, खुद्द एलएनजीचे कारखाने, सगळे त्याच वायूवर. उधळपट्टी माणशी मोजायची तर बोट दुसरीकडे दाखवावे लागेल. फक्त माणसे कमी असल्यामुळे कतारला ती परवडते.

इराणने घरोघरी वायू दिला तोही निव्वळ लोकानुनय नव्हता. घरात आणि वीज केंद्रांत वायू जळला की तितके तेल निर्यातीला मोकळे होते, हा त्यामागचा विचार होता आणि तो काळाला धरून होता. चूक झाली ती दरात. वायू इतका स्वस्त ठेवला की भिंती-खिडक्यांतून उष्णता निसटू न देण्याची गरजच कोणाला वाटली नाही. डिसेंबर 2010 मध्ये दर वाढवून त्याच्या बदल्यात प्रत्येक माणसाच्या खात्यात महिन्याला सुमारे साडेचार लाख रियाल जमा करण्याची धाडसी योजना आली. तेव्हा त्याचे चाळीसएक डॉलर होत. महागाईने आणि घसरत्या रियालने ती रक्कम खाऊन टाकली, वाढवलेले दरही तसेच वितळले, आणि नोव्हेंबर 2019 मध्ये पेट्रोल महाग केल्यावर रस्त्यांवर जी निदर्शने उसळली, त्यानंतर कोणत्या मंत्र्याला वायूच्या दराला हात लावायची हिंमत होईल? याशिवाय तेलाबरोबर वर येणारा वायू गोळा करण्याची यंत्रणा नसल्याने तो विहिरीच्या तोंडाशीच जाळून टाकला जातो. त्यातही इराण जगात वरच्या पाचांत आहे.

राहिला निर्बंधांचा मुद्दा. निर्बंधांनी इराणचे मोठे नुकसान केले, यात वाद नाही. साउथ पार्सच्या अकराव्या टप्प्यासाठी 2017 मध्ये फ्रान्सच्या टोटालने चिनी सीएनपीसीला सोबत घेऊन 4.8 अब्ज डॉलरचा करार केला. दुसऱ्याच वर्षी अमेरिकेने निर्बंध पुन्हा लादले आणि टोटाल निघून गेली, पाठोपाठ सीएनपीसीही. तो टप्पा इराणच्या पेट्रोपार्सने एकट्याने रेटला आणि 2023 मध्ये तिथून उत्पादन सुरू झाले. इराणच्या किनाऱ्यावरील टोम्बकचा एलएनजी कारखाना मात्र वर्षानुवर्षे अर्धवट उभा आहे, कारण वायू थंड करण्याचे तंत्रज्ञान मोजक्या पाश्चात्त्य कंपन्यांकडे आहे. पण समजा, उद्या निर्बंध उठले. कारखाना पूर्ण व्हायला काही वर्षे लागतील, आणि पूर्ण झाल्यावर त्यात घालायचा वायू आणायचा कुठून? आज जो निघतो तो हिवाळ्यात घरालाच पुरत नाही. शिवाय साउथ पार्सचा दाब उतरू लागला आहे. आहे तेवढे उत्पादन टिकवायलाच समुद्रात प्रचंड कॉम्प्रेसर बसवावे लागणार आहेत. नवा पैसा आधी तिथे जाईल, मग गळती रोखण्यात, मग साठवणुकीत. कतारला मागे टाकणे या यादीत फार खाली येते.

आणि कतारही निर्धास्त नाही. त्याचे एलएनजीचे जवळजवळ प्रत्येक जहाज होर्मुझच्या सामुद्रधुनीतून जाते, आणि तिचा उत्तर किनारा इराणचा आहे. 2024 मध्ये जगातल्या एलएनजी व्यापाराचा साधारण पाचवा हिस्सा या चिंचोळ्या वाटेने बाहेर पडला. जून 2025 मध्ये इस्रायलने साउथ पार्सच्या किनाऱ्यावरील प्रकल्पावर हल्ला केला, तेव्हा दोघांच्या सामाईक भांड्यालाच धक्का पोहोचला होता. हेही त्या लेखात यायला हवे होते.

तेव्हा विनंती इतकीच, की हा तक्ता पुन्हा छापाल तेव्हा साठ्याशेजारी उत्पादन, देशांतर्गत वापर आणि निर्यात असे तीन रकाने वाढवावेत. जागा असली तर रोजच्या वापराचा आकडाही द्यावा, आणि तो जानेवारीचा द्यावा, जुलैचा नको.

आपला,
एक नियमित वाचक