पुढच्या रॅम्पची जागा आत्ताच सोडा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

पुण्याचा रिंगरोड जिथे जिथे हायवेला मिळणार तिथे इंटरचेंज होणार, म्हणजे एका रस्त्यावरून दुसऱ्यावर न थांबता जायचे पूल आणि चढ-उताराचे रॅम्प, म्हणून हे आत्ताच लिहितेय, कारण एकदा पिलर उभे राहिले की बोलून काही उपयोग नसतो.

चांदणी चौकाचं सगळ्यांना माहितीय. बायपासवरचा जुना पूल १९९०च्या दशकातला, त्या वेळच्या गाड्यांना पुरायचा, पण त्याच्याखाली जागाच एवढी कमी की हायवे रुंद करायचा म्हटल्यावर पूलच पाडावा लागला. २ ऑक्टोबर २०२२च्या मध्यरात्री सुमारे ६०० किलो स्फोटकं लावली तरी तो पूर्ण पडला नाही, उरलेला मशीन लावून काढला. तिथल्या नव्या इंटरचेंजचं भूमिपूजन २०१७चं, उद्घाटन १२ ऑगस्ट २०२३ला, आणि यातला कितीतरी वेळ नुसता जमीन ताब्यात यायची वाट बघण्यात गेला. विद्यापीठ चौकातले पूल तर पंधरा वर्षंही टिकले नाहीत, मेट्रो आणि नव्या दुमजली पुलासाठी २०२०मध्ये पाडले.

सगळे लूप (गोल वळणारे रॅम्प), सगळे रॅम्प पहिल्याच फटक्यात बांधा असं कुणी म्हणत नाही, एवढा पैसा एकदम येणार कुठून. पण जमीन मात्र शेवटच्या टप्प्याची आत्ताच घ्या, कारण रस्ता सुरू झाला की शेजारी बिल्डिंगी उठतात आणि मग गुंठाभर जागेसाठी कोर्टकचेरी. पुलाचा गाळा, म्हणजे दोन पिलरमधलं अंतर, लांब ठेवा, खाली पुढे दोन लेन वाढवता आल्या पाहिजेत. जो रॅम्प दहा वर्षांनी येणारे त्याचा मातीचा भराव आत्ताच टाकला तर तो दबून बसायलाही वेळ मिळतो, आणि पाण्याच्या, गॅसच्या लाइनी त्या पट्ट्यातून न्यायच्याच नाहीत. नंतर घुसवलेला रॅम्प आधीच्या रॅम्पला खेटून आला तर चढणाऱ्या आणि उतरणाऱ्या गाड्या एकमेकींना आडव्या जाणार आणि नवाकोरा इंटरचेंजसुद्धा तुंबणार, म्हणून ही अंतरं आजच्याच ड्रॉइंगमध्ये हवीत. काम चालू असताना गाड्या कुठून सोडणार तेही त्यातच ठरवा. आणि पायी चालणारा माणूस! हायवेवर बसमधून उतरून पलीकडे जायचं कसं, याचं उत्तर पहिल्याच टप्प्यात पाहिजे.

प्रत्येक इंटरचेंजचा शेवटच्या टप्प्यापर्यंतचा नकाशा, कुठला भाग कधी बांधणार ते लिहून, काम सुरू व्हायच्या आधी लोकांसमोर लावावा. आपल्या पेपरने तो मागून छापावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, बावधन, पुणे