पाडव्याचा दंड

महाल, नागपूर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोळ्याच्या आदल्या दिवशी मिळाले. उत्तर लिहायला आज बसतो आहे, कारण उद्या घरी गणपती यायचे आहेत आणि मग आठ-दहा दिवस हातात पेन धरायला सवड होणार नाही. पुण्याच्या मिरवणुकीत झिंगून नाचणाऱ्यांना सरळ 50,000 रुपये दंड करावा म्हणजे एका वर्षात रस्ते मोकळे होतील, असे तू लिहिले आहेस आणि सध्या दंड किती आहे, असेही विचारले आहेस. पत्र वाचले त्या दिवशी तुझे म्हणणे मला पूर्णपणे पटले होते. इथल्या मारबतीच्या मिरवणुकीच्या संध्याकाळी जे पाहिले, त्यानंतर ते अर्धेच पटते, आणि उरलेले अर्धे का पटत नाही, तेच तुला सविस्तर सांगायचे आहे.

आधी तुझ्या प्रश्नाचे उत्तर. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यासाठी मोटार वाहन कायद्याचे कलम 185 आहे. शंभर मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडले की गुन्हा होतो, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. दुसऱ्या वेळी 15,000 रुपये दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. चौकात पावती फाडून यातून सुटता येत नाही, न्यायालयात उभे राहावे लागते. पायी चालणाऱ्या दारुड्याची गोष्ट निराळी. 1860 च्या दंड संहितेत सार्वजनिक जागी दारू पिऊन लोकांना उपद्रव देणाऱ्यास 24 तासांपर्यंत साधी कैद किंवा 10 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितले होते. त्या काळी 10 रुपये ही लहान रक्कम नव्हती, पण पुढे दीडशेहून अधिक वर्षे कोणीही तो आकडा बदलला नाही आणि शेवटी शेवटी तर त्या दंडात तर्री-पोह्याची एक प्लेटही आली नसती. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, आणि तिच्या कलम 355 मध्ये हाच दंड 1,000 रुपयांपर्यंत गेला. त्याच कलमात शिक्षा म्हणून सामुदायिक सेवेचीही तरतूद झाली आहे. तिच्याविषयी मला पुढे लिहायचे आहे, म्हणून ती लक्षात ठेव.

आता मारबतीविषयी. तुला ती आठवते आहेच, तरी लिहितो, कारण आपण पाहिली ती मारबत आणि आजची मारबत यांत मोठे अंतर पडले आहे. ईडा पीडा गावाबाहेर न्यायला काढलेले हे बाईचे पुतळे; त्यांतली काळी मारबत 1881 पासून निघते आणि पिवळी 1885 पासून. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे पाडव्याला, दोघींच्या मिरवणुका निघून नेहरू पुतळ्याजवळ त्यांची भेट होते. लहानपणी आपण ओट्यावर उभे राहून घसा बसेपर्यंत ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ असे ओरडत असू. माझी आई तेव्हा गर्दीत अगदी पुढे जायची. धाकट्या भावाला तिने मारबतीच्या पायाशी टेकवल्याचे मला स्पष्ट आठवते, आणि तिच्या आसपास सगळ्या बायकाच होत्या. यंदा माझी पत्नी आणि बहीण तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून मिरवणूक पाहत होत्या. खाली चला म्हटले तर बहीण म्हणाली, ‘दादा, मागच्या वर्षी गेले होते, आता नाही.’ मागच्या वर्षी काय झाले होते, हे मी विचारले नाही आणि तिने सांगितले नाही. ज्या रस्त्यावर आमची आई निर्धास्त उभी राहत होती, त्या रस्त्यावर तिच्या मुलीला सणाच्या दिवशी उतरवत नाही, याचे मला फार वाईट वाटले. अजूनही वाटते.

मारबतीबरोबर निघणाऱ्या बडग्यांवरच्या, म्हणजे पुरुषी पुतळ्यांवरच्या, पाट्यांवर महागाई, भ्रष्टाचार, व्यसन यांचा धिक्कार असतो आणि त्याच बडग्यांपुढे सकाळी अकरा वाजताच धड उभे राहता न येणारी पोरे नाचत असतात. पोळ्याच्या करीला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, मटण आणि दारू हे आपल्याकडे जुनेच आहे, हे मी नाकारत नाही. पण पूर्वी पिणारा घरी बसून पीत असे आणि घरच्यांसमोर येतानाही ओशाळत असे. आता पव्वा खिशात असतो आणि रस्ता हीच बैठक झालेली असते.

आपल्या वाड्यामागे राहणारा रंगारी तुला माहीत आहे. त्याचे नाव लिहीत नाही. कामाला चोख, स्वभावाने गरीब, पण सण आला की तोल सुटतो. दोन वर्षांपूर्वी तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पाडव्यालाच होणाऱ्या मुलांच्या पोळ्याच्या, रात्री तो स्कूटरवरून येत असताना नाकाबंदीत सापडला. यंत्रात फुंकायला लावले, गाडी ठेवून घेतली, पुढे न्यायालयात 10,000 रुपये भरावे लागले. ते पैसे त्याच्याकडे नव्हते. त्याची बायको चार घरी पोळ्या लाटते. तिने तीन घरांतून उचल घेतली आणि त्यातले 3,000 रुपये आमच्याकडचे होते. दर महिन्याला 500 रुपये याप्रमाणे ते फिटायला सहा महिने लागले. माझी पत्नी राहू दे म्हणत होती, पण ती बाई ऐकेना. त्या सहा महिन्यांत ती रोज संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात ओट्याशी उभी असायची आणि तव्यावर पोळी टाकताना तिच्या कोपरापर्यंत पीठ उडालेले असायचे. नवऱ्याचा दंड ती असा कणीक मळून फेडत होती. न्यायालयाच्या कागदावर नाव त्याचे होते.

तरीही तुला खरे ते सांगितले पाहिजे. त्या दंडाचा उपयोग झाला. त्या दिवसापासून सणावाराला त्याने स्कूटरला हात लावलेला नाही, आणि त्याच्या स्कूटरखाली कोणाचे मूल येण्याची शक्यता त्यामुळे टळली असेल तर 10,000 रुपये जास्त झाले, असे मी म्हणणार नाही. 31 डिसेंबरच्या रात्री आपल्याकडे उड्डाणपूल बंद ठेवतात, चौकाचौकांत तपासणी करतात, त्यालाही माझा मनापासून पाठिंबा आहे. गाडी चालवणाऱ्याच्या बाबतीत तुझे आणि माझे मत एकच आहे. फक्त आकडा वाढवण्यापेक्षा पकडले जाण्याची खात्री वाढवावी, एवढेच मी म्हणेन. कारण वर्षातून दोन रात्री कडक आणि बाकी दिवस सैल असा बंदोबस्त असला की पिणारा त्या दोनच रात्री सांभाळून राहतो.

पण त्या रंगाऱ्याची दारू सुटली नाही. यंदा पाडव्याला तो मिरवणुकीपासून जो पीत होता, तो संध्याकाळी आपल्या गल्लीच्या तोंडाशी गटाराच्या झाकणावर आडवा झालेला मला दिसला. तान्ह्या पोळ्याची वेळ होती. पोरे लाकडी बैल सजवून दारोदार बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, मागत फिरत होती. त्याची सहा वर्षांची मुलगी त्याच्या उशाशी उभी होती. तिच्या बैलाच्या शिंगांना लाल फीत बांधलेली होती आणि बैल तिने दोन्ही हातांनी छातीशी उचलून धरला होता. बैलाला चाके असताना ती तो ओढत का नाही, हे मला आधी कळले नाही. मग खाली पाहिले. बाप ओकला होता, आणि चाके त्यात भरू नयेत म्हणून ती तो जड बैल किती तरी वेळ तसाच धरून उभी होती.

तेवढ्यात दोन पोलीस आले. त्यांतला एक पंचविशीचा असेल, पहाटेपासूनच्या बंदोबस्ताने त्याचा आवाज पार बसला होता. याला उचलून नेऊन तपासणी करायची, गुन्हा नोंदवायचा, हे त्याचे कामच होते, आणि त्याने ते केले असते तर मी त्याला दोष दिला नसता. त्याने मुलीकडे पाहिले, मला विचारले, ‘काका, ओळखता का याला?’ आणि आम्ही दोघांनी मिळून त्याला घरी पोचवले. त्याच्या बायकोने दार उघडले तेव्हा ती काहीच बोलली नाही. तिने फक्त पोलिसाच्या गणवेशाकडे पाहिले, आणि ती मनात कसला हिशेब करते आहे, हे मला तिच्या चेहऱ्यावरून समजले.

मित्रा, म्हणून 50,000 चा आकडा मला पटत नाही. सणाच्या रस्त्यावरून बायका आणि मुले एकदा हटवली जातात ती दारूमुळे, आणि नंतर त्याच दारूचा दंड त्याच बायका-मुलांच्या ताटातून वळता होतो. पैसेवाल्याला 50,000 ची झळ लागणार नाही. तो चालक ठेवेल, हॉटेलात बसेल. झळ लागेल ती पोळ्या लाटणारीला. शिवाय सरकारचीही जबाबदारी आहे. आपल्या राज्यात दारू विकत घ्यायला आणि प्यायलाही परवाना लागतो, विदेशी दारूचा एका दिवसाचा परवाना 5 रुपयांत आणि देशीचा 2 रुपयांत मिळतो, आणि बिअर-वाइन सोडून बाकी दारूसाठी वयाची अट 25 वर्षांची आहे. बडग्यापुढे नाचणाऱ्या त्या मिसरूड फुटलेल्या पोरांना त्यांचे वय दुकानात विचारले गेले असते, तर निम्मी गर्दी सकाळीच शुद्धीवर राहिली असती.

मला जे हवे आहे ते त्या कलम 355 मधल्या सामुदायिक सेवेत आहे. पायी धिंगाणा घालणाऱ्याकडून पैसे घेऊ नयेत, त्याचे अंग राबवून घ्यावे. मारबतीच्या दुसऱ्या दिवशी नेहरू पुतळ्यापासून शहीद चौकापर्यंतचा रस्ता पहाटे सफाई कामगार झाडतात. दारुड्यांची घाण, फुटक्या बाटल्या सगळे तेच उचलतात. न्यायालयाने अशा माणसाला त्यांच्याबरोबर आठ पहाटा झाडू हाती धरायला लावावे. ती शिक्षा श्रीमंताला आणि गरिबाला सारखीच पडेल, बायकोला उचल घेऊन ती फेडता येणार नाही, आणि ओकलेले स्वतःच्या हाताने धुतले की त्या मुलीने बैल का उचलून धरला होता, हे बापाला कदाचित उमगेल.

आज रात्री गल्लीतल्या मंडळाची बैठक आहे. पिऊन आलेल्याला मिरवणुकीत पाऊल टाकू द्यायचे नाही, मग तो वर्गणीत कितीही मोठा असो, असा ठराव मी मांडणार आहे. विरोध होईल, कारण ढोलापुढे नाचणारी पोरे कोण आहेत, हे सगळ्यांनाच माहीत आहे. तुमच्या पेठेतल्या मंडळाने दोन वर्षांपूर्वी स्वयंसेवकांची साखळी केल्याचे तू म्हणाला होतास. ती कशी उभी केली, किती माणसे लागली आणि पहिल्या दिवशी भांडण झाले तेव्हा काय केले, हे मला लगेच फोन करून सांग. विसर्जनाला बहीण येणार आहे, आणि यंदा मी तिला खाली यायला सांगितले आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
महालातला मित्र